शेपटी खरी की ग्रिडची? रिकनेक्शनमधल्या इलेक्ट्रॉन त्वरणाच्या सिम्युलेशनच्या नोंदी

९ जून २०२५

काम असं: चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात तेव्हा, म्हणजे रिकनेक्शनमध्ये, इलेक्ट्रॉनना ऊर्जा नेमकी कुठे आणि कशी मिळते हे कणपातळीवरच्या सिम्युलेशनमध्ये बघायचं. कोणत्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन आहेत, या आलेखाचा (स्पेक्ट्रमचा) जास्त ऊर्जेकडे पसरलेला भाग म्हणजे शीर्षकातली शेपटी. ती खऱ्या त्वरणाची, की पेटी ज्या सेलमध्ये (चौकोनांत) विभागतो त्या ग्रिडमुळे आलेली, हा प्रश्न. सूर्यावरच्या ज्वालांमध्ये हे घडतं, पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीतही घडतं. नासाच्या एमएमएस मोहिमेतली चार यानं २०१५ पासून पृथ्वीजवळची ही जागा आतून मोजत आहेत. आदित्य-एल१ वरचं हेलिऑस हे उपकरण ज्वालांमधले कठीण क्ष-किरण टिपतं आणि ते क्ष-किरण असल्याच वेगवान इलेक्ट्रॉनमुळे निघतात. आदित्यवरची सूट दुर्बीण पुण्यात आयुकात तयार झाल्यामुळे आमच्या विभागात या विषयाची ओढ आधीपासून होतीच.

सुरुवात २००१ च्या जेम चॅलेंजपासून. एकच मांडणी वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या कोडवर चालवून ताडून पाहिली होती. त्यामुळे आपलं उत्तर कशाशी जुळवायचं हा प्रश्न उरत नाही. थेट मोठ्या त्रिमिती रनवर उडी मारू नका, आधी हे जुळवा.

मांडणीचे आकडे: हॅरिस करंट शीट (उलट दिशांच्या चुंबकीय क्षेत्रांमधला विद्युतप्रवाहाचा पातळ थर, हॅरिसचा १९६२ चा समतोल), अर्धी जाडी ०.५ डीआय, बाहेरची विरळ घनता शीटच्या ०.२ पट, आयनांचं तापमान इलेक्ट्रॉनच्या ५ पट, आयन-इलेक्ट्रॉन वस्तुमानाचं गुणोत्तर २५. डीआय आणि डीई ही लांबीची एककं, म्हणजे आयनांची आणि इलेक्ट्रॉनची जडत्व-लांबी, आणि इथे १ डीआय = ५ डीई. मूळ पेटी २५.६ गुणिले १२.८ डीआय आहे. वर-खालच्या कडाही आवर्ती ठेवायच्या (एका कडेतून बाहेर गेलेला कण समोरच्या कडेतून आत येतो) म्हणून मी उलटसुलट दोन शीट घेतल्या आणि उंची दुप्पट केली. पेटी १२८ गुणिले १२८ डीई.

कोड स्मायलेई, फ्रान्समध्ये विकसित झालेला, मुक्तस्रोत. इनपुट फाइल पायथनमध्ये असल्याने विद्यार्थ्यांना वाचता येते.

B0, म्हणजे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता, ०.५ घेतली (इलेक्ट्रॉनची भ्रमण-वारंवारता भागिले प्लाझ्मा वारंवारता). त्यावरून आल्फेन वेग (प्लाझ्मातल्या चुंबकीय लाटांचा वेग) ०.१ c, c म्हणजे प्रकाशवेग. दाबाच्या समतोलातून दोन्ही तापमानांची बेरीज ०.१२५ आली: इलेक्ट्रॉन ०.०२०८, आयन ०.१०४२. या कोडमध्ये आयनांचं तापमानही इलेक्ट्रॉनच्याच विराम-ऊर्जेच्या एककात द्यायचं असतं. तिथे २५ ने गुणलंत किंवा भागलंत तर शीट पहिल्या काही क्षणांत फुगते किंवा चेपते.

वस्तुमानाचं खरं गुणोत्तर १८३६ का घेतलं नाही, असं प्रत्येक जण विचारतो. पेटी डीआयमध्ये मोजायची आणि वेळ आयनांच्या भ्रमणकाळात, तर द्विमितीत खर्च गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. २५ वरून १८३६ म्हणजे पाच हजार पटींहून जास्त. आमच्या मशीनवर दोन दिवसांच्या रनला पंचवीस वर्षांवर लागतील.

१२ जून

पहिल्याच पायरीला पेटीभर विद्युतक्षेत्र उसळलं. शीटवर झेड-दिशेचं क्षेत्र सरळ रेषेत वाढत गेलं आणि थोड्या वेळात कण चौफेर फेकले गेले.

कारण चिन्हाचं. जेमच्या मूळ मांडणीत प्रतल एक्स-झेड आहे आणि प्रवाह वाय-दिशेला. स्मायलेईत द्विमिती म्हणजे एक्स-वाय, प्रवाह झेड-दिशेला. अक्षांची नावं बदलून सूत्र तसंच उतरवलं की चुंबकीय क्षेत्राच्या कर्लचं (क्षेत्र किती वळतं याच्या मापाचं, ज्यावरून प्रवाह ठरतो) चिन्ह उलटतं. एक्स-दिशेचं क्षेत्र वाय वाढताना वाढत असेल, तर प्रवाह ऋण झेडकडे हवा. माझे आयन धन झेडकडे धावत होते. क्षेत्र मागतंय एक प्रवाह आणि कण देतायत बरोबर उलटा, मग फरकाची भरपाई विद्युतक्षेत्र करतं.

चिन्ह सुधारल्यावरही सगळी पेटी थरथरत होती, यावेळी कमी जोराने. आता प्रश्न विरळ पार्श्वभूमीचा होता. मी शीटची घनता आणि पार्श्वभूमी एकाच स्पीशीजमध्ये (कणांच्या गटात) मिळवून सगळ्यांना एकच वाहता वेग दिला होता. शीटबाहेर प्रवाह असायलाच नको, तिथले कण थांबलेले हवेत. आता सहा स्पीशीज आहेत: वरच्या शीटचे आयन-इलेक्ट्रॉन, खालच्या शीटचे आयन-इलेक्ट्रॉन, आणि वाहता वेग शून्य असलेले पार्श्वभूमीचे आयन-इलेक्ट्रॉन.

वाहत्या वेगाची वाटणीही तपासून घ्या. एकूण ०.२ c लागतो, तो तापमानांच्या प्रमाणात विभागला जातो. आयन ०.१६७ आणि इलेक्ट्रॉन ०.०३३, विरुद्ध दिशांना. इलेक्ट्रॉन हलके म्हणून प्रवाह तेच वाहतील असं वाटतं. हॅरिसच्या समतोलात मात्र जो जास्त तापलेला, तो जास्त वाहतो.

पुढे जाण्याआधी एक तपासणी करा: चिमटा न देता, म्हणजे रिकनेक्शन सुरू करणारा सुरुवातीचा विक्षोभ न घालता, शीट नुसती ठेवून बघा. विद्युतक्षेत्राची ऊर्जा कणांच्या गोंगाटाच्या पातळीवर बसून राहिली पाहिजे.

१६ जून

आता विक्षोभ. एक्स आणि वाय दिशांचे घटक मी हातानेच दोन वेगळ्या सूत्रांनी दिले होते. डायव्हर्जन्स (क्षेत्र एखाद्या जागेतून किती उगम पावतं याचं माप, चुंबकीय क्षेत्रासाठी शून्यच हवं) काढून पाहिला तर शून्य नाही, शीटजवळ नक्षीसारखा दिसतोय. यी ग्रिडवर (क्षेत्रांचे घटक सेलच्या वेगवेगळ्या जागी मांडायची कोडमधली पद्धत) सुरुवातीला जो डायव्हर्जन्स असेल तो शेवटपर्यंत तसाच राहतो, कोड तो दुरुस्त करत नाही. म्हणजे सगळा रन खोट्या चुंबकीय प्रभारांसकट चालणार.

उपाय सोपा आहे. सदिश विभवाचा (ज्याच्या उतारांतून चुंबकीय क्षेत्र मिळतं) झेड-घटक हे एकच फलन लिहायचं आणि दोन्ही घटक त्याच्याच फरकांतून काढायचे. एक्स-घटकासाठी अर्धी सेल वर आणि अर्धी सेल खाली विभव मोजून वजाबाकी भागिले सेलची उंची. वाय-घटकासाठी तेच आडवं, ऋण चिन्हाने. कलनाने काढलेलं अचूक सूत्र वापरू नका, ग्रिडच्या पावलाएवढा फरकच घ्या. मग डायव्हर्जन्स आकड्यांच्या अचूकतेपर्यंत शून्य राहतो. हॅरिसचं मुख्य क्षेत्रही आता त्याच फलनातून येतं.

२० जून

लॅपटॉपवर चाचणी रन. सेल १ डीईची, प्रत्येक सेलमध्ये प्रत्येक स्पीशीजचे १६ कण. काही मिनिटांत संपतो. रेषा तुटल्या, एक्स-बिंदू (रेषा तुटून जोडल्या जातात ती जागा) झाला, दोन्ही बाजूंना चुंबकीय बेटं (बंद वलयांच्या रेषांचे पुंजके) फुगली. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा स्पेक्ट्रम काढला तर उजवीकडे छान लांब शेपटी, लॉग-लॉग आलेखावर जवळजवळ सरळ रेषा.

सरांना आलेख दाखवला. ते म्हणाले, "अगं, शेपटी दिसली म्हणजे त्वरण झालं असं नाही. ही ऊर्जा कोणी दिली ते दाखव. आणि एकूण ऊर्जा किती वाढली ते आधी सांग."

एकूण ऊर्जा आठ टक्क्यांनी वाढली होती. बंद पेटीत ती वाढायलाच नको.

२१ जून

आज केलेली तपासणी मी पुढच्या प्रत्येक रनला जोडणार आहे, आणि हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने जोडावी. तोच ग्रिड, तेवढेच कण, तीच तापमानं, तेवढाच कालावधी, पण शीट नाही: एकसारखं चुंबकीय क्षेत्र आणि एकसारखा प्लाझ्मा. इथे काहीही घडायचं कारण नाही. घनता मुद्दाम शीटच्या मध्यावरची घेतली, कारण डिबाय लांबी (ज्या अंतरापलीकडे प्लाझ्मात प्रभार झाकला जातो) तिथेच सगळ्यात लहान असते.

तरीही शेपटी आली. रिकनेक्शनच्या रनएवढी लांब नाही, पण सुरुवातीचा मॅक्सवेलियन (तापमानाच्या समतोलातला स्पेक्ट्रम) डोळ्यांना कळेल इतका पसरला होता. म्हणजे कालच्या सरळ रेषेतला बराचसा भाग ग्रिडची देणगी होता.

कारण डिबाय लांबी. आपल्या आकड्यांनी ती शीटमध्ये ०.१४४ डीई येते, आणि सेल तिच्या सातपट मोठी होती. इतक्या जाड्या सेलवर प्लाझ्मा आपोआप तापत जातो आणि डिबाय लांबी सेलच्या मापाजवळ येईपर्यंत थांबत नाही. १ डीई ग्रिडवर बसलं की काम झालं, असा समज या विषयात नव्याने येणाऱ्यांमध्ये सर्रास असतो. शीटची जाडी आणि एक्स-बिंदूचा आकार दिसायला तेवढं पुरतंही. ऊर्जेबद्दल बोलायचं असेल तर पुरत नाही.

नवी सेल ०.१ डीई.

२८ जून

०.१ डीई म्हणजे १२८० गुणिले १२८० सेल. प्रत्येकीत प्रत्येक स्पीशीजचे १०० कण. विभागातल्या १६ कोअर, ६४ जीबी मेमरीच्या मशीनवर रन लावला आणि तो सुरू व्हायच्या आतच सिस्टिमने मारला. मेमरी संपली.

हिशेब केल्यावर कळलं. या कोडमध्ये सेलमागे कणांची संख्या ठरलेली असते, घनता कणाच्या वजनातून येते. शीटची घनता मध्यापासून दूर जाताना झपाट्याने घटते, पण गणिती शून्य कधीच होत नाही. त्यामुळे शीटपासून दूरच्या सेलमध्येसुद्धा शीटचे शंभर-शंभर कण बसले होते, नगण्य वजनाचे. एकूण ९८ कोटी कण.

घनता मध्याच्या एक हजारांशाखाली गेली की शून्य धरा, एवढी एक ओळ घातली. शीटचा पट्टा मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण १०.४ डीई उरला आणि एकूण कण ४३ कोटींवर आले. मेमरी पुरली. निम्म्याहून जास्त गणन वाचलं आणि भौतिकीत काही फरक नाही.

टाइमस्टेप ०.०६७, शेवट आयनांच्या ४० भ्रमण-एककांवर, म्हणजे तीस हजार पावलं. अंदाज पावणेदोन-दोन दिवस.

४ जुलै

रन अर्ध्याच्या पुढे गेला होता, तेवढ्यात पावसात वीज गेली. यूपीएसने मशीन नीट बंद होण्यापुरता वेळ दिला, पण चेकपॉइंट (रनची मधली स्थिती डिस्कवर साठवणं) लावलेला नव्हता. एका चेकपॉइंटला २० जीबीच्या वर जागा लागते म्हणून तो टाळला होता. सगळं पहिल्यापासून.

आता दर अडीच हजार पावलांना चेकपॉइंट, शेवटचे दोन ठेवायचे, आधीचे पुसायचे. लिहायला काही मिनिटं जातात. दोन दिवसांच्या रनमध्ये ती जाऊ द्यावीत. खर्च म्हणून सांगायचं तर एका पूर्ण रनला मशीन सुमारे १६ युनिट वीज खातं. तेवढ्याचं बिल विशेष नाही, गेलेला वेळ महाग.

९ जुलै

रन पूर्ण. एकूण ऊर्जेतला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. शीट नसलेला जोडीचा रनही झाला, त्याचा स्पेक्ट्रम सुरुवातीच्या स्पेक्ट्रमवर शेवटपर्यंत तंतोतंत बसलेला.

मग रिकनेक्शनचा दर. पहिल्यांदा एक्स-बिंदूवरचं झेड-दिशेचं विद्युतक्षेत्र वाचून पाहिलं. निव्वळ गोंगाट. अपेक्षित क्षेत्र ०.०१ च्या आसपास आणि कणांचा गोंगाट त्याहून वर. दर तिथून काढू नका. सदिश विभवाचा एक्स-बिंदू आणि बेटाचा मध्य यांतला फरक घ्या आणि तो काळानुसार कसा वाढतो ते बघा. हा फरक म्हणजे आतापर्यंत जोडला गेलेला चुंबकीय फ्लक्स, आणि बेरजेमुळे त्यातला गोंगाट आपोआप दबतो. वक्र गुळगुळीत आला.

सर्वाधिक उतार ०.२२. इथे मी एक दिवस अडकले, कारण जिथे तिथे ०.१ हा आकडा वाचलेला. कोडमध्ये दोनपटीची चूक शोधत बसले. चूक नव्हती. ०.२२ हा आकडा शीटच्या मध्यावरच्या घनतेने काढलेल्या आल्फेन वेगाशी तुलना करून आलेला आहे. रिकनेक्शनला इंधन पुरवणारा प्लाझ्मा बाहेरून येतो आणि त्याची घनता ०.२ आहे. त्या घनतेचा आल्फेन वेग मूळच्या २.२४ पट. भागाकार केला की ०.०९८. जेमच्या मांडणीत आपला आकडा कोणाशी जुळवाल तर समोरच्याने कोणती घनता वापरली ते आधी विचारा.

१८ जुलै

कणांचा माग ठेवायला घेतला. सगळे इलेक्ट्रॉन नोंदवायचे तर प्रत्येक वेळी वीस जीबीच्या घरात फाइल, डिस्क दुपारच्या आत भरली आणि रन पडला.

एक उपाय सुचवला जातो: आधी एक रन करायचा, शेवटी सर्वाधिक ऊर्जेचे कण कोणते ते बघायचं, आणि तोच रन पुन्हा चालवून फक्त त्यांचा माग ठेवायचा. आमच्याकडे हे जमलं नाही. बेरजेचा क्रम समांतर थ्रेडवर अवलंबून असतो, शेवटच्या दशांशात फरक पडतो, आणि एक्स-बिंदूजवळचे कण इतके संवेदनशील असतात की दुसऱ्या रनमध्ये त्याच क्रमांकाचा इलेक्ट्रॉन भलतीकडेच जातो.

म्हणून सुरुवातीलाच दर दोन हजारांतून एक इलेक्ट्रॉन यादृच्छिक निवडला. लाखभर इलेक्ट्रॉन, दर वीस पावलांना स्थान, संवेग आणि त्या जागची दोन्ही क्षेत्रं. सगळं मिळून १६ जीबी. बाहेरच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनची एक फेरी सुमारे १९० पावलांची असते, त्यामुळे फेरीमागे नऊ-दहा नोंदी मिळतात. याहून विरळ नोंदवलंत तर पुढचा ऊर्जेचा हिशेब जमणार नाही.

२९ जुलै

आज दिवसभर एकाच इलेक्ट्रॉनसोबत होते. सर्वाधिक ऊर्जेच्या शंभरांतला एक, पार्श्वभूमीतला, शीटपासून बराच वर सुरू झालेला.

सुरुवातीची गतिज ऊर्जा ०.०३ (विराम-ऊर्जेच्या एककात). कितीतरी वेळ तो रेषेवरून पुढे-मागे घरंगळतो, ऊर्जा जागची हलत नाही. आयनांच्या एककात १५ च्या सुमारास त्याची रेषा शीटकडे ओढली जाते. एक्स-बिंदूच्या थोडा उजवीकडे तो शीटमध्ये शिरतो, तिथे चुंबकीय क्षेत्र इतकं कमजोर की त्याची गिरकी मोडते, तो शीटच्या वर-खाली नागमोडी जात झेड-दिशेला वाहतो आणि ऊर्जा एका दमात ०.०९ वर जाते. मग बेटात फेकला जातो. इथून पुढचा आलेख पायऱ्यांचा: ०.१३, ०.१९, ०.२६, ०.३३. प्रत्येक पायरी बेटाच्या टोकाशी, जिथे रेषेला तीव्र वळण आहे आणि ते वळण ताणून सोडलेल्या रबरासारखं आत आखडतंय. दोन पायऱ्यांच्या मध्ये, बेटाच्या लांब अंगावरून जाताना, ऊर्जा सपाट.

२००६ साली जेम्स ड्रेक आणि सहकाऱ्यांनी आकुंचन पावणाऱ्या बेटांतल्या ज्या फर्मी त्वरणाचा विचार मांडला, तोच हा. वाचलेला होता, शिकवलाही होता. पण आपल्याच रनमधल्या एका कणाच्या ऊर्जेत त्या पायऱ्या एकेक करून चढताना बघणं हा वेगळाच आनंद आहे.

आनंद झाला तरी तपासणी सुटत नाही. द्विमितीत झेड-दिशेला काहीच बदलत नाही, म्हणून प्रत्येक कणाचा त्या दिशेचा कॅनॉनिकल संवेग (संवेग अधिक प्रभार गुणिले सदिश विभव) अचल राहिला पाहिजे. ही कसोटी फुकट मिळते आणि कणागणिक लावता येते. या इलेक्ट्रॉनचा कॅनॉनिकल संवेग सगळ्या प्रवासात एक टक्क्याच्या आसपासच हलला, म्हणजे त्याची ऊर्जा खरी. जाड्या ग्रिडच्या जुन्या सेटिंगवर माग ठेवून मुद्दाम पाहिलं, तिथल्या शेपटीतल्या कित्येक कणांचा हाच आकडा भरकटलेला निघाला.

एक सूचना: या ऊर्जांना किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये बदलू नका. आपल्या पेटीत प्रकाशवेग आल्फेन वेगाच्या फक्त दहापट आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनचं तापमान दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर येतं. पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत ते याहून बरंच कमी असतं. सुरुवातीच्या तापमानाच्या किती पट, एवढंच बोलावं.

६ ऑगस्ट

आता सगळ्या लाखभर इलेक्ट्रॉनचा ऊर्जेचा जमाखर्च. तीन खाती: रेषेच्या दिशेच्या विद्युतक्षेत्राने दिलेली ऊर्जा, वक्र रेषा आखडताना मिळालेली (फर्मी), आणि क्षेत्राची तीव्रता बदलल्याने मिळालेली किंवा गेलेली (बीटाट्रॉन).

पहिल्या प्रयत्नात तिन्हींची बेरीज प्रत्यक्ष वाढीशी जुळली नाही, निम्म्याचाही मेळ नाही. दोन कारणं. वक्रतेसाठी क्षेत्राचे उतार लागतात आणि तत्क्षणीच्या क्षेत्रात कणांचा गोंगाट असतो, उतार काढला की तो कैक पटींनी फुगतो. आउटपुटमध्ये क्षेत्रांची दोनशे पावलांची सरासरी घ्यायला लावल्यावर हे बरंचसं मिटलं. दुसरं जास्त महत्त्वाचं: ही तीन खाती गिरकीचा मध्य धरून मांडलेली आहेत. एक्स-बिंदूजवळ गिरकीच राहत नाही, तिथे हा हिशेब लागूच होत नाही. रेषेची वक्रता-त्रिज्या भागिले गिरकीची त्रिज्या, याचं वर्गमूळ ३ च्या खाली असलेले क्षण मी चौथ्या खात्यात टाकले, नाव दिलं 'बेहिशेबी'. त्या खात्यात नुसतं प्रत्यक्ष वेग गुणिले विद्युतक्षेत्र जमा करते.

आता बेरीज जुळते. सर्वाधिक ऊर्जेच्या गटात फर्मीचं खातं सगळ्यात मोठं. बेहिशेबी खातं सुरुवातीला मोठं आणि नंतर थांबलेलं. रेषेच्या दिशेच्या क्षेत्राचा वाटा लहान, आणि बीटाट्रॉनचा एकूण वाटा ऋण. ते बरोबरच आहे: रिकनेक्शनमध्ये चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा खर्ची पडते, तीव्रता घटते, आणि तेवढ्यापुरता इलेक्ट्रॉन थंडच होतो.

१९ ऑगस्ट

छोट्या पेटीची मर्यादा आडवी आली. ०.५ c वेगाचा इलेक्ट्रॉन आयनांच्या पाचेक एककांत सगळी पेटी ओलांडतो आणि आवर्ती कडेमुळे दुसऱ्या बाजूने पुन्हा आत येतो. उशिराच्या काळातली शेपटी त्यामुळे भरवशाची नाही. मी स्पेक्ट्रम २५ एककांपर्यंतच घेते, नंतरचा वापरत नाही.

मोठी पेटी: ५१२ गुणिले २५६ डीई, सेल ०.१२५, सेलमागे ६४ कण. सव्वाशे कोटी कण, साठ हजार पावलं. हे विभागातल्या मशीनचं काम नाही. बाहेरच्या एका क्लस्टरवर ५१२ कोअर मागितले. रांगेत थांबण्यात आठवडा गेला.

पहिला रन अंदाजाच्या दीडपट वेळ घेऊ लागला आणि मिळालेल्या मुदतीत संपला नाही. प्लाझ्मा बेटांत गोळा होतो, बेटं ज्यांच्या वाट्याला आली ते कोअर राबतात, उरलेले वाट बघत बसतात. आधी पेटीचे २०४८ तुकडे केले होते, म्हणजे कोअरमागे चारच. एवढ्या मोठ्या तुकड्यांची फेरवाटणी करायला वावच नसतो. ८१९२ तुकडे केले (३२ गुणिले ३२ सेलचे, आणि या कोडला नेहमीच्या मांडणीत प्रत्येक दिशेला तुकड्यांची संख्या दोनचा घात लागते), दर दोनशे पावलांना फेरवाटणी चालू केली. रन चौदा तासांच्या आसपास पूर्ण झाला. सात हजारांवर कोअर-तास. वाया गेलेला पहिला रन धरून आम्हाला जवळजवळ दुप्पट मोजावे लागले.

२ सप्टेंबर

मोठ्या पेटीचे निकाल. शीट लांब असल्याने मुख्य एक्स-बिंदूच्या बाजूला लहान बेटं आपोआप जन्मली आणि मोठ्यांत विलीन झाली. विलीन होताना मधल्या जागी उलट दिशेचं रिकनेक्शन होतं आणि तिथेही इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात. शेपटी छोट्या पेटीपेक्षा लांब. शीट नसलेला जोडीचा रन स्वच्छ, कॅनॉनिकल संवेगाची कसोटीही पास.

या शेपटीचा उतार मी देत नाहीये. विद्यार्थ्यांनी बसवून पाहिला: ऊर्जेची पट्टी थोडी डावीकडे घेतली की एक आकडा, उजवीकडे घेतली की दुसरा. रेषा सरळ नाही, सावकाश वाकते. घात-नियमाचा (पॉवर लॉचा) उतार जाहीर करायचा तर निदान ऊर्जेच्या दहापटीच्या पट्ट्यात तो टिकला पाहिजे. सूर्याच्या ज्वालांमधल्या क्ष-किरणांचा स्पेक्ट्रम असा टिकतो, माझ्या पेटीतला टिकत नाही.

का टिकत नाही याचं एक कारण जुलैच्या कसोटीतच आहे. कॅनॉनिकल संवेग अचल असणं म्हणजे द्विमितीत इलेक्ट्रॉन आपल्या रेषेपासून गिरकीच्या त्रिज्येहून फार लांब जाऊच शकत नाही. बेटात शिरला की अडकला. बेटाचं आखडणं थांबलं की त्याची ऊर्जावाढही थांबली. सर्वाधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचे आलेख शेवटी सगळे सपाट होतात, ते यामुळेच. जे गणन मला नेमकी तपासणी देतं, तेच इलेक्ट्रॉनला कोंडून ठेवतं. त्रिमितीत रेषा विस्कटतात आणि कण एका जागेहून दुसरीकडे जाऊ शकतात.

१० सप्टेंबर

त्रिमितीचा अंदाज काढला. छोटी पेटीच, तिसऱ्या दिशेला ६४ डीई, सेल सैल करून ०.२, सेलमागे फक्त ३२ कण. तरी अकराशे कोटींवर कण आणि नुसत्या कणांना ६०० जीबीच्या वर मेमरी. गणनवेळेसाठी अर्ज लिहून सरांकडे दिलाय. ०.२ ची सेल शीटमधल्या डिबाय लांबीहून मोठी आहे, म्हणून त्याच सेलवर शीट नसलेला द्विमितीतला रन आधी लावला. ऊर्जा थोडी सरकली, स्पेक्ट्रमची शेपटी जागेवर राहिली. अर्जासोबत तो आलेख जोडला आहे.

मंजुरी येईपर्यंत द्विमितीतच गाइड फील्ड घालून बघायचं ठरलं, म्हणजे प्रतलाला लंब असं एकसारखं क्षेत्र. आधी B0 च्या ०.२ पट, मग १ पट. गाइड फील्ड असलं की एक्स-बिंदूजवळही गिरकी टिकते, 'बेहिशेबी' खातं आकसायला हवं आणि रेषेच्या दिशेच्या विद्युतक्षेत्राचा वाटा वाढायला हवा. ०.२ चा रन आज संध्याकाळी लावला, चेकपॉइंटसकट.